कडी आतून, किल्ली शेजारी

सातवीच्या वर्गात आम्ही जुन्या काळच्या गावगाड्याविषयी सांगत होतो. गावाला कूस असे, कुसाला वेस असे, रात्री वेशीचे दार लावून घेत, असे सांगता सांगता सहज विचारले, "तुमच्या घराचे दार दिवसा उघडे असते की बंद?" बहुतेक हात 'बंद'ला वर आले. एका मुलीने सांगितले की, त्यांच्याकडे घरात सगळी माणसे असतानाही दाराला आतून कुलूप असते आणि किल्ली कुठे आहे ते फक्त अम्मीला ठाऊक. वर्ग हसला. आम्हाला हसू आले नाही, कारण आमच्या घरीही गेली काही वर्षे तेच चालले आहे.

आमच्या घरात यावर दोन पक्ष आहेत. अम्मी म्हणतात, आमच्या वेळी इशाच्या नमाजीनंतर कडी लागायची, तीही कुत्र्यामांजरांसाठी. मंडळी म्हणतात, तो जमाना गेला. दुपारी तुम्ही शाळेत, दारावर कोण येईल याचा नेम नाही. दोघींचेही बोलणे खरे वाटते. तेव्हा आपली माणसे दार केव्हा लावत, कशासाठी लावत आणि कोणासाठी उघडत, हे इतिहासाला विचारून पाहावे असे आम्ही ठरविले.

आपला यवतमाळ जिल्हा म्हणजे जुन्या वऱ्हाडचा आग्नेय कोपरा. अकबराच्या काळच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची नावे आहेत, त्यांत आपल्या जिल्ह्यातले कळंब आहे आणि शेजारचे माहूर आहे. पुढे १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडून निजामाकडे गेला. पेंढाऱ्यांच्या धाडी याच काळातल्या. १८१७-१८ च्या मोहिमेत इंग्रजांनी त्यांचा मोड केला. पळत्या दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेची इंग्रजांशी गाठ पडली तीही १८१८ साली आपल्या पांढरकवड्याच्या परिसरात. अशा दिवसांत गाव राखायचे तर गावाभोवती कूस हवे, मध्ये पाटील-देशमुखांची मातीची गढी हवी. वाड्याला भक्कम दार असे, त्याच्या पोटात वाकून जाण्यापुरती दिंडी आणि मागे भिंतीतल्या खोबणीत सरकणारा लाकडी अडसर. गरिबाच्या झोपडीला मात्र बांबूची किंवा तुराट्यांची ताटी. ताटीने कुत्रे अडते, चोर अडत नाही. तरी गरीब झोपत असे, कारण त्याची राखण त्याच्या दाराने होत नव्हती. ती वेशीने होत होती आणि रात्री गस्त घालणाऱ्या माणसाने होत होती.

इथपर्यंत सांगून थांबलो तर अम्मींचा पक्ष जिंकतो. पण इतिहास अर्धा सांगू नये. गस्त घालणारा, गावाच्या सीमा तोंडपाठ असणारा, अनोळखी माणसाची वर्दी पाटलाला देणारा हा राखणदार बहुधा महार समाजाचा असे आणि त्याचे स्वतःचे घर वेशीबाहेर असे. ज्याच्या जिवावर गाव निर्धास्त झोपे, त्याला गावाने दाराबाहेर ठेवले होते. तेव्हा जुना काळ विश्वासाचा होता असे म्हणताना विश्वास कोणाचा आणि कोणावर, हेही विचारले पाहिजे.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६४ मध्ये आपला जिल्हा वेगळा झाला. पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, १९०५ पासून यवतमाळ. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला भाव आला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. कापसाबरोबर रोख पैसा घरात येऊ लागला, आणि घरात पैसा आला की दाराकडे बघण्याची नजर बदलते. अलीगढच्या कारागिरांनी, ज्यांत आपले मुसलमान कारागीर मोठ्या संख्येने आहेत, कुलपाचा धंदा देशभर नेला. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला. राखणीचे काम हळूहळू वेशीकडून घराच्या दाराकडे आले.

याच काळात सरकारने एक निराळेच कुलूप बनविले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. पोटात असल्यापासूनच माणूस चोर ठरावा असा हा कायदा होता. पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली आणि देशभरातील कितीतरी जमातींच्या लोकांच्या वाट्याला पोलिसांची हजेरी आली. फासेपारध्यांसारख्यांवरचा 'गुन्हेगार' हा शिक्काही त्याच विचारातून पक्का झाला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. पण आजही आपल्या भागात चोरी झाली की पहिले बोट पारध्यांच्या बेड्याकडे जाते. कोणीतरी एक जमात चोर आहे असे एकदा मानले, की दार कितीही घट्ट लावा, झोप येत नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण असे बोट आपल्याकडेही दाखविले जाते आणि ते कसे टोचते हे आपल्याला ठाऊक आहे.

आता आपल्या दीनकडे वळू. दार लावावे की नाही, यावर हदीसमध्ये स्पष्ट मार्गदर्शन आहे. हजरत जाबिर यांच्याकडून आलेल्या, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील रिवायतींचा आशय असा की, रात्री अल्लाहचे नाव घेऊन दारे लावावीत, भांडी झाकावीत, दिवे विझवावेत. उंदराने वात ओढली तर घरच्यांसकट घर पेटेल. उंट मोकळा सोडून तवक्कुल करण्यापेक्षा आधी तो बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही तिर्मिजीतील शिकवण सर्वांना माहीत आहे. म्हणजे कडी लावणे हे इमानाच्या कमतरतेचे लक्षण नव्हे. पण लक्षात घ्यावे, सांगितले आहे ते रात्रीसाठी, आणि त्याच सल्ल्यात आगीची काळजी आहे. आतून कुलूप घालून किल्ली एकाच माणसाला ठाऊक असणे, हे त्या सल्ल्याच्या नेमके उलट होते. आज घरात चिमणी नसली तरी गॅसचे सिलिंडर आहे. मध्यरात्री धूर झाला तर कडी आंधळ्या हातालाही निघते. किल्ली शोधावी लागते.

दिवसासाठी कुरआनने दिला तो कुलुपाचा नव्हे, अदबीचा नियम. सूरह नूरच्या २७ व २८ व्या आयतींचा आशय असा की, दुसऱ्याच्या घरात सलाम करून, परवानगी घेतल्याशिवाय जाऊ नये, आणि परत जा म्हटले तर परत जावे. त्या काळी मदिनेतील कित्येक घरांना दाराचे फळकूट तर सोडाच, पडदाही नसे. म्हणून पैगंबर साहेब कोणाच्या घरी गेले की उंबरठ्यासमोर उभे न राहता बाजूला उभे राहत. दार नसलेल्या घराचीही आबरू राहावी, ही जबाबदारी बाहेरच्यावर टाकली होती.

हजरत उमर यांच्या काळातील दोन गोष्टी या संदर्भात सांगण्यासारख्या आहेत. कूफा शहर वसले तेव्हा तिथले हाकिम सअद बिन अबी वक्कास यांनी वाड्याला दार बसविले. लोकांना हाकिमापर्यंत पोहोचता येत नाही हे कळताच हजरत उमर यांनी मदिनेहून मुहम्मद बिन मस्लमा यांना पाठविले, आणि ते दार जाळून टाकण्यात आले. दुसरी गोष्ट अशी सांगतात की, रात्री गस्त घालताना एका घरातून संशयास्पद आवाज आला म्हणून स्वतः खलिफा भिंत चढून आत गेले. घरमालकाने त्यांनाच सुनावले, माझी चूक एक, तुमच्या तीन. टेहळणी केली, दाराने आला नाहीत, परवानगी घेतली नाही. खलिफा माघारी फिरले. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की अर्थ उमगतो. सत्तेचे दार रयतेला उघडे हवे आणि रयतेचे दार सत्तेलाही न विचारता उघडता येऊ नये.

दार नसलेले गाव म्हटले की महाराष्ट्रात एकच नाव समोर येते, शनिशिंगणापूर. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे तालुक्यातले हे गाव. घरांना चौकट आहे, दार नाही. चोरी करणाऱ्याला शनिदेव शिक्षा देतो ही श्रद्धा. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने तिथे कुलूप नसलेली म्हणून गाजलेली शाखा उघडली. खरे तर तिच्या काचेच्या दाराला विजेवर चालणारी, सहज न दिसणारी सोय होती. सप्टेंबर २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणे आले, तेही बिनदाराचे. २०२५ मध्ये मात्र देवस्थानच्या नावाने बनावट ॲप काढून भाविकांचे पैसे घेतल्याच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदला गेला. आरोपांचे खरे-खोटे न्यायालय ठरवील, पण आजचा चोर चौकटीतून येतोच असे नाही, एवढे त्यातून कळले.

त्याच वर्षी जून महिन्यात देवस्थानने १६७ कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले. त्यांतील ११४ मुसलमान होते. विश्वस्तांनी कारण दिले गैरहजेरीचे आणि शिस्तीचे. त्याआधी मुसलमान कामगार चौथऱ्यावर काम करीत असल्याची चित्रफीत पसरली होती आणि काही संघटनांनी आंदोलनाचा इशारा दिला होता. आम्ही त्या गावातील श्रद्धेची थट्टा करीत नाही. परक्याच्या श्रद्धेला नावे ठेवणे आपल्याला शोभत नाही. पण दार नसले म्हणजे सर्वांना आत जागा असतेच असे नाही, हे या घटनेने दाखविले.

अशा बातम्या वाचल्या की आपल्या मोहल्ल्यांत दाराला आणखी एक कडी बसते. ती चोरासाठी नसते. १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलीत श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसे मेली. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, उरलेल्यांत ४५ जणांची ओळख लागली नाही. त्यानंतर लोखंडी जाळ्या वाढल्या, वस्त्या वेगळ्या होऊ लागल्या. हे समजण्यासारखे आहे. पण त्या दिवसांत वाचलेल्या कितीतरी माणसांना विचारा, कडीने वाचविले की शेजाऱ्याने उघडलेल्या दाराने? जमाव आला तर कडी फार वेळ टिकत नाही.

ज्या नेवाशात हे शिंगणापूर येते, तिथेच ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली. त्यांची एक कथा मराठी मुलखात घरोघर माहीत आहे. लोकांच्या अपमानाने दुखावून ते एकदा ताटी लावून आत बसले. धाकटी बहीण मुक्ताबाई बाहेर उभी राहून दार उघडण्याची विनवणी करीत राहिली. तिचे ते ताटीचे अभंग. ताटी पायाने ढकलली तरी पडली असती, पण तिने ती ढकलली नाही. दुखावलेल्या माणसाचे दार आतूनच उघडावे लागते, हे तिला कळले होते. आम्ही उर्दू माध्यमात शिकवतो, पण ही बहीण आम्हाला परकी वाटत नाही.

मग दार कोणावर सोपवावे? मक्का फतह झाला तेव्हा, हिजरी ८ म्हणजे इ.स. ६३० मध्ये, काब्याची किल्ली उस्मान बिन तल्हा यांच्याकडून आली. हिजरतीपूर्वी याच गृहस्थांनी पैगंबर साहेबांना काब्याचे दार उघडण्यास नकार दिला होता. आता किल्ली हाती होती, ती आपल्याला मिळावी असे जवळच्या माणसांनाही वाटत होते. पैगंबर साहेबांनी ती उस्मान यांनाच परत दिली. आजही ती शैबी घराण्याकडेच आहे. जेरुसलेममध्ये, जिथे हजरत ईसा यांची कबर होती असे ख्रिस्ती मानतात, त्या चर्चची किल्ली जुदा या मुसलमान घराण्याकडे असते आणि दार उघडण्याचा मान नुसैबा या मुसलमान घराण्याचा. परंपरा ११८७ च्या सलाहुद्दीनपर्यंत नेली जाते. आपसांत भांडणाऱ्या ख्रिस्ती पंथांनी शेजाऱ्याच्या हाती किल्ली असणे मान्य केले, ते शतकानुशतके चालले आहे. किल्ली ही अमानत आहे, आणि अमानत सांभाळणारा माणूस आपल्याच मजहबचा असावा लागत नाही.

आमच्या घरचा निकाल आम्ही असा लावला. रात्री कडी लागेल, बिस्मिल्लाह म्हणून लागेल. आतले कुलूप काढून टाकले. दुपारी मंडळी एकट्या असतील तेव्हा कडी त्यांच्या मर्जीवर; ती सूरह नूरने दिलेली त्यांची हक्काची कडी आहे, तिच्यावरून कोणी वाद घालायचा नाही. पण संध्याकाळी मगरिबपर्यंत दार उघडे राहील आणि ओट्यावर कोणीतरी बसलेले असेल. शिवाय घराची एक जादा किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली आहे. त्यांचे आडनाव सांगत नाही, ते आपल्यातले नाही एवढे सांगतो. काकूंनी किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकविली आणि दुसऱ्या दिवशी आपलीही एक किल्ली आणून अम्मींच्या हातात दिली.

वर्गात त्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले, घरी जाऊन अम्मीला विचार की कुलूप काढून कडी लावली तर चालेल का. आणि किल्ली द्यावी असे एखादे घर गल्लीत आहे का, तेही विचार. ती काय उत्तर आणते याची आम्ही वाट पाहत आहोत.