ट्रक कोण चालवतो? : वॉरंटीमागच्या एका प्रश्नाचा इतिहास

१/
एक प्रसंग कल्पावा. मेहकरहून सोयाबीन भरून निघालेला नवा ट्रक वाटेत बंद पडतो. इंजिनात दोष निघतो. गाडी वॉरंटीत आहे, म्हणून मालक ती ओढून अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेतो. तिथे उत्तर मिळते, ‘कंपनीची मंजुरी यावी लागेल.’ आठवडा जातो. मग दुसरे उत्तर येते, ‘हा भाग वॉरंटीत बसत नाही.’ इकडे भाडे बुडते, पण बँकेचा हप्ता थांबत नाही.

२/
या मालकाने दाद मागायची ठरवली, तर त्याला सर्वप्रथम विचारला जाणारा प्रश्न इंजिनाविषयीचा नसतो. प्रश्न असतो, ‘ट्रक कोण चालवतो?’ इतका साधा प्रश्न कायद्याच्या दारात येऊन कसा बसला, याची कथा 1930 पासून सुरू होते आणि तिच्यातला एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रातील एका लघुउद्योगाच्या पराभवातून गेला आहे.

३/
आधी भूमी पाहू. बुलढाणा जिल्ह्याचे 13 तालुके. मुंबई–नागपूर लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तर भागातून, मलकापूर–नांदुरा–जलंब–शेगाव असा जातो. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला, तो जलंब–खामगाव या शाखेच्या उद्घाटनासाठी. त्या रुळांमागची प्रेरणा होती वऱ्हाडचा कापूस.

४/
परंतु घाटावर रूळ कधी चढलेच नाहीत. जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या बुलढाणा शहरात रेल्वे नाही. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या भागांतही नाही. तिथला शेतमाल बाहेर पडतो तो ट्रकमधून. उत्तरेला मलकापूर–खामगाव महामार्ग, दक्षिणेला समृद्धी महामार्ग आणि मध्ये राजूर घाटासारखी वळणे. अशा ठिकाणी ज्याच्याकडे एकच ट्रक आहे, त्याचे सारे घर त्या सहा किंवा दहा चाकांवर चालते.

५/
आता कायदा. भारतातील मालविक्रीचा कायदा 1 जुलै 1930 पासून लागू झाला. त्याने विक्रेत्याच्या आश्वासनांचे दोन वर्ग केले. पहिला वर्ग ‘शर्त’ : ती मोडली तर माल परत करता येतो. दुसरा वर्ग ‘वॉरंटी’ : ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. आज जाहिरातीत दिमाखाने मिरवणारा हा शब्द कायद्याच्या दृष्टीने मुळात दुय्यम वचनाचा होता.

६/
त्याच कायद्याच्या कलम 16 मध्ये आणखी एक खाच आहे. खरेदीदाराने आपला विशिष्ट उपयोग सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर तो माल त्या उपयोगाला योग्य असलाच पाहिजे. मात्र ठरावीक वस्तू तिच्या व्यापारी नावाने घेतली, तर ही अध्याहृत शर्त लागू होत नाही. ट्रक तर नावानेच विकला जातो. विक्रीयोग्य दर्जाची शर्त उरत असे. पण कलम 62 नुसार तीही उभयपक्षी करार करून दूर ठेवता येत असे. छापील करार लिहिणारा पक्ष कोणता, हे सांगायला नको.

७/
हा कायदा झाला तेव्हा भारतात ट्रक तयार होत नव्हते, जोडले जात होते. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. 1944 मध्ये सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने मोटारी व ट्रक होऊ लागले. 1954 मध्ये टेल्कोने डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली.

८/
यानंतरची काही दशके परवान्यांची होती. उत्पादक मोजके आणि मागणी मोठी. जिथे गाडी मिळणे हेच भाग्य, तिथे तिच्या दोषाबद्दल भांडायचे कुणाशी? वाद फारच चिघळला तर वाट एकच होती, दिवाणी न्यायालय. तिथे दाव्याच्या रकमेनुसार न्यायालय शुल्क, वकील आणि वर्षानुवर्षांच्या तारखा. एका ट्रकच्या मालकाला ते परवडणारे नव्हते. तो गावातल्या मिस्त्रीकडे जाई आणि पदरचे पैसे घालून गाडी रस्त्यावर आणी.

९/
याच काळात अमेरिकेत एक निकाल लागला. 1955 मध्ये न्यू जर्सीतील एका गृहस्थाने पत्नीसाठी क्रायस्लरची प्लिमथ मोटार घेतली. कुर्ल्याच्या कारखान्याशी सहकार्य करणारी हीच ती कंपनी. गाडी 468 मैल चालली आणि स्टिअरिंग निकामी होऊन ती भिंतीवर आदळली. छापील वॉरंटी म्हणत होती, 90 दिवस किंवा 4000 मैल, आणि तेही फक्त सदोष भाग बदलून देऊ. इतर कोणतीही जबाबदारी नाही.

१०/
1960 च्या हेनिंगसेन निकालात न्यायालयाने ती मर्यादा नाकारली. सर्वच मोठ्या कंपन्या एकाच साच्याचा मजकूर छापत असतील, तर ग्राहकापुढे निवड उरतच नाही. मग त्याने सही केली, एवढ्याने ते त्याचे स्वेच्छेचे वचन कसे ठरेल, असा त्यामागचा विचार होता. उत्पादक आणि विक्रेता दोघेही उत्तरदायी ठरले.

११/
भारतात हा विचार संस्थांच्या मार्गाने आला. 1974 मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. 1984 मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्यात दुरुस्ती होऊन ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे प्रकरण दाखल झाले. दिशाभूल करणारी वॉरंटी, दुरुस्तीचे पोकळ आश्वासन हेही त्यात आले. 24 डिसेंबर 1986 रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशी तीन पायऱ्यांची स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली.

१२/
दार उघडले, पण उंबरठ्यावर एक अट होती. जो माल पुनर्विक्रीसाठी किंवा ‘व्यापारी प्रयोजनासाठी’ घेतो, तो ग्राहक नव्हे. घरातला पंखा घेणारा ग्राहक ठरे, यात वाद नव्हता. पण ट्रक? तो घरात ठेवायला कुणी घेत नाही. भाडे मिळवणे हाच त्याचा हेतू. मग ट्रकमालक सारेच व्यापारी ठरणार काय? 1986 च्या मूळ शब्दांत याचे उत्तर नव्हते.

१३/
1993 मध्ये आधी अध्यादेशाने आणि मग दुरुस्ती कायद्याने एक स्पष्टीकरण जोडले गेले. एखाद्याने माल घेऊन तो केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरला, तर ते ‘व्यापारी प्रयोजन’ मानले जाणार नाही. वाक्य छोटे, परंतु त्यातला प्रत्येक शब्द पुढे न्यायालयात तपासला जाणार होता.

१४/
तो प्रसंग लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या लघुउद्योगाने आणला. या उद्योगाने कोइमतूरच्या पी. एस. जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूटकडून एक यंत्र घेतले. ते उशिरा मिळाले आणि सदोष निघाले, अशी तक्रार होती. महाराष्ट्र राज्य आयोगाने भरपाई दिली. राष्ट्रीय आयोगाने तक्रारदार ग्राहकच नाही म्हणून ती रद्द केली. 4 एप्रिल 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आयोगाचा निर्णय कायम ठेवला. महाराष्ट्रातला हा उद्योजक हरला. दिवाणी न्यायालयाचा मार्ग तेवढा त्याला मोकळा ठेवण्यात आला.

१५/
पण त्याच निकालात न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांनी ‘ग्राहक’ शब्दाची रेघ कुठे ओढायची, ते उदाहरणांनी समजावले. स्वतः टंकलेखन करून पोट भरण्यासाठी टंकलेखन यंत्र घेणारा ग्राहक आहे. स्वतः चालवण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहक आहे. आणि सार्वजनिक मालवाहतुकीसाठी ट्रक घेऊन तो स्वतः चालवणाराही ग्राहक आहे. मदतीला एक-दोन माणसे ठेवली, एवढ्याने त्याचे ग्राहकपण जात नाही. वस्तूच्या किमतीपेक्षा ती कोणत्या प्रयोजनासाठी वापरली जाते, हे निर्णायक ठरले. आणि ते प्रयोजन प्रत्येक प्रकरणातल्या वस्तुस्थितीवरून ठरवायचे होते.

१६/
‘ट्रक कोण चालवतो?’ हा प्रश्न इथून आला. त्याला दोन धारा आहेत. स्टिअरिंगवर स्वतः बसणाऱ्या मालकाला तो संरक्षण देतो. पण ज्याने चालक ठेवला, ज्याच्याकडे दोन-तीन गाड्या आहेत, त्याला उत्तर देताना अडखळावे लागते. कंपनीच्या वकिलाला इंजिनाच्या दोषाचा मुद्दा टाळून तक्रार उंबरठ्यावरच अडवण्याची सोय इथेच मिळते.

१७/
2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कोंडी थोडी सैल केली. उत्तर प्रदेशातील सुलतानपूरच्या एका माणसाने सरकारी लिलावात ट्रक घेतला होता. गाडीची कागदपत्रे त्याला मिळत नव्हती. ट्रक उपजीविकेसाठी घेतलेला असेल, तर साहाय्याला चालक ठेवल्यानेही तो ग्राहकच राहतो, असे न्यायालयाने मानले. घाटातली रात्रीची फेरी एकट्याने करता येत नाही, हे ट्रकवाल्यांना ठाऊक असलेले सत्य कायद्याने असे उशिरा ओळखले.

१८/
ग्राहकपण सिद्ध झाले, तरी पुढचा प्रश्न उरतो : उत्तरदायी कोण? विक्रीचा करार डीलरशी असतो, वॉरंटीचे पुस्तक कंपनीचे असते आणि गाडी पडून असते ती सर्व्हिस सेंटरच्या आवारात. डीलर कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी डीलरकडे.

१९/
हे नाते कसे तपासले जाते, याचे उदाहरण गोव्यातले आहे. एका ग्राहकाने 2011 ची मोटार म्हणून पैसे भरले. हाती आली ती 2009 ची, आधीच वापरलेली गाडी. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला त्या व्यवहारातून मुक्त केले. डीलर हा कंपनीचा नोकर नसून स्वतंत्र व्यापारी आहे, त्याच्या फसवणुकीत कंपनीचा हात किंवा तिची माहिती दाखवता आली नाही, असे त्याचे कारण. डीलरची जबाबदारी मात्र राहिली. याचा अर्थ इतकाच : चूक नेमकी कुणाची, हे तक्रारीत आरंभीच वेगळे मांडावे लागते. निर्मितीतला दोष कंपनीकडे जातो. विक्रीतली लबाडी वा दुरुस्तीतली हयगय ज्याने केली त्याच्याकडे.

२०/
आणि मागायचे काय? 2006 च्या मारुती उद्योगविरुद्धच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे वचन असेल, तर त्या आधारे संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. त्रासाबद्दल भरपाई देण्यात आली. नवी गाडी मिळाली नाही. 1930 च्या कायद्याने दुय्यम ठरवलेले ते वचन इतक्या वर्षांनंतरही आपल्या छापील शब्दांपलीकडे फारसे जात नव्हते.

२१/
यातून 2019 चा नवा ग्राहक संरक्षण कायदा आला. 20 जुलै 2020 पासून तो लागू आहे. स्वयंरोजगाराचे ते स्पष्टीकरण त्यात कायम राहिले. उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आले. स्पष्ट शब्दांत दिलेल्या वॉरंटीशी वस्तू जुळत नसेल आणि त्यातून हानी झाली, तर ‘आम्ही निष्काळजी नव्हतो’ एवढे म्हणून उत्पादकाची सुटका होत नाही.

२२/
बुलढाण्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल मात्र गाजावाजा न करता आला. 1986 च्या कायद्यात तक्रार नोंदवायची ती विरुद्ध पक्षाचे कार्यालय वा शाखा असेल तिथे, किंवा जिथे तक्रारीचे कारण घडले तिथे. अकोल्याला वा छत्रपती संभाजीनगरला ट्रक घेतला, की चिखलीच्या मालकाची तारीख तिकडे लागण्याची शक्यता मोठी. नव्या कायद्याने तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणीही तक्रार करण्याचा हक्क दिला. एक दिवसाची तारीख म्हणजे एक बुडालेली फेरी, हे ज्याला कळते त्याला या बदलाची किंमत कळेल.

२३/
2021 च्या अखेरच्या नियमांनुसार मोबदल्याची रक्कम 50 लाख रुपयांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगाला अधिकार आहे. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. आणि सारी भिस्त कागदावर : प्रत्येक वेळी गाडी आत गेल्याची नोंद असलेले जॉब कार्ड, त्यावर मालकाने सांगितलेला दोष त्याच्याच शब्दांत, वेळेवर केलेल्या सर्व्हिसिंगच्या पावत्या, नकाराचे लेखी कारण. दोष निर्मितीतला आहे, हे अनेकदा तज्ज्ञाच्या अहवालानेच ठरते. ‘तोंडी सांगितले होते’ याला तिथे वजन नाही.

२४/
ग्राहकहक्कांचा इतिहास बहुधा दिल्लीतल्या कायद्यांच्या तारखांनी सांगितला जातो. त्याची दुसरी बाजू अशी, की एका टंकलेखकाला, एका रिक्षावाल्याला, एका ट्रकवाल्याला व्यापारी म्हणायचे की कष्टकरी, हे ठरवायला या व्यवस्थेला अनेक वर्षे लागली. ज्याचे यंत्र हेच पोट, त्याला कायदा फार काळ नफेखोरांच्या रांगेत उभा करत होता.

२५/
म्हणून सर्व्हिस सेंटरच्या आवारात, उघड्या बॉनेटजवळ हातात जॉब कार्ड घेऊन उभा असलेला माणूस इतिहासाच्या बाहेर नाही. ‘ट्रक कोण चालवतो?’ या प्रश्नाला ‘मीच चालवतो’ असे उत्तर देता येणे, हा आज त्याचा हक्क आहे. 1986 मध्ये त्या उत्तराला कायद्यात जागा नव्हती. ती 1993 आणि 1995 मध्ये तयार झाली, आणि ती तयार होताना महाराष्ट्रातला एक लघुउद्योजक आपला खटला हरला होता.