तळटीप : लातूरच्या रेडिओवरचे ‘रॉक अँड रोल’

* लेखकाला इथे बिल हेली किंवा एल्व्हिस प्रेस्ली अभिप्रेत नसावेत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’मधून निघालेले हे संगीत १९५५-५६ मध्ये जगभर गाजले, नांदेड-लातूरकडे ते पोचले मुख्यतः हिंदी सिनेमाच्या वाटेने. ठळक उदाहरण ‘आशा’ (१९५७) मधल्या ‘ईना मीना डीका’चे. संगीत सी. रामचंद्रांचे; गाणे एकदा किशोरकुमारांच्या आवाजात, एकदा आशा भोसले यांच्या. रामचंद्र चितळकर जन्माने पुणतांब्याचे, म्हणजे नांदेडच्याच गोदेच्या वरच्या काठचे. त्यांच्या वाद्यवृंदात चिक चॉकलेटसारखे गोव्याचे ट्रम्पेटवादक होते आणि या गाण्यांचा पाश्चात्त्य ठसका बराचसा अशा गोवेकरांचा. माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर (हेही मराठीच!) यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेसंगीत १९५२ पासून जवळजवळ हद्दपार झाले होते, म्हणून मजकुरात सारखा रेडिओ सिलोन येतो. ‘विविध भारती’ सुरू झाली ३ ऑक्टोबर १९५७ ला. मराठवाडा आदल्याच वर्षी हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता; लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. — संपा.