दोन सुऱ्या आणि एक सीट

गेट व्हॉल्व्हची ऑर्डर काढताना बॉडीच्या मटेरियलवर खल होतो, प्रेशर क्लासवर होतो, आणि ‘ट्रिम ८’ एवढी नोंद मात्र मागच्या ऑर्डरवरून तशीच उतरवली जाते. ट्रिम म्हणजे आतले झिजणारे भाग: वेज, सीट, स्टेम. एपीआय ६०० या मानकातल्या आठव्या ट्रिममध्ये वेजचा बसण्याचा पृष्ठभाग १३ टक्के क्रोमियमच्या पोलादाचा असतो, तर बॉडीतल्या सीटवर कोबाल्ट-क्रोमियमचा थर चढवलेला असतो. कारखान्यात त्याला सगळे स्टेलाइट म्हणतात. या मानकातल्या ट्रिमच्या तक्त्याचा उलगडा करताना माझ्या लक्षात आलं की या जोडीतल्या दोन्ही धातूंचा इतिहास जेवणाच्या टेबलावरच्या सुरीपाशी येऊन मिळतो.

आधी स्टेलाइट. एलवुड हेन्स हा अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोकोमोचा. १८९४ साली त्याने स्वतःची मोटारगाडी रस्त्यावर आणली, आणि चरित्रकार तिथेच रमतात. मला महत्त्वाची वाटते ती त्याची दुसरी खटपट. काळे न पडणारे सुरी-काटे बनवता येतील असा धातू त्याला हवा होता. मागणी बायकोची होती असं सांगतात. आधी त्याने निकेलमध्ये क्रोमियम मिसळून पाहिलं, मग कोबाल्टमध्ये. कोबाल्ट-क्रोमियमचं पेटंट १९०७ सालचं. पुढे त्यात टंगस्टन आलं, १९१२ साली कंपनी निघाली, आणि पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या कवचांचं यंत्रकाम या धातूच्या हत्यारांवर चाललं. लेथचं हत्यार लालबुंद झालं तरी कापत राहायचं.

आता १३ टक्के क्रोमियम. त्याचा प्रवास बरोबर उलटा झाला. शेफील्डमध्ये हॅरी ब्रियर्ली बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून पोलाद शोधत होता. ऑगस्ट १९१३ मध्ये त्याने १२.८ टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं. नळीचं काम बाजूला राहिलं आणि व्हिनेगरचाही डाग न पडणारी सुरी मात्र जन्माला आली. एक जण सुरीकडून निघून लेथवर पोहोचला, दुसरा बंदुकीकडून निघून सुरीवर. मधल्या काळात दोघांची पेटंटवरून गाठही पडली, कारण क्रोमियमच्या पोलादावर हेन्सनेही हक्क सांगितला होता. ब्रियर्लीला अमेरिकेतलं पेटंट १९१६ साली मिळालं, हेन्सला १९१९ साली. आणि शेवटी दोन्ही पक्ष एकाच पेटंट-कंपनीत भागीदार झाले. ट्रिम ८ चा व्हॉल्व्ह बंद होतो तेव्हा ब्रियर्लीचा धातू हेन्सच्या धातूवर टेकतो. मला हा योग फार सुंदर वाटतो.

पण स्टेलाइट लेथवरून सीटवर गेलं कसं? रूढ उत्तर असं की ते अतिशय कठीण, म्हणून. हे मला पटत नाही. सीटवर चढवतात त्या स्टेलाइट ६ ची कठीणता रॉकवेल सी मापात साधारण ४० भरते. टेंपर केलेलं हत्यारी पोलाद सहज ६० गाठतं. निव्वळ कठीणपणाच हवा असता तर स्वस्त पर्याय होते. शिवाय लेथचं हत्यार वेगळं ओतून बसवता येतं. सीटवर मात्र पातळ थर बॉडीच्या पोलादाशी एकजीव व्हावा लागतो. म्हणून माझा कौल वेल्डिंगच्या बाजूने आहे. १९२० साली हेन्सची कंपनी युनियन कार्बाइडने घेतली. भोपाळमुळे आपल्याला जिचं नाव विसरता येत नाही, तीच. या समूहात लिंडेचा ऑक्सिजन होता, आणि मोटारीच्या दिव्यांसाठी अ‍ॅसिटिलीनच्या टाक्या भरणारी इंडियानापोलिसची प्रेस्ट-ओ-लाइटही. ज्याच्याकडे ऑक्सि-अ‍ॅसिटिलीनच्या ज्योतीचा सगळा माल आहे, तो स्टेलाइटच्या कांड्या करून विकणारच. सीटचा खरा जन्म मी या खरेदीत मानतो.

गुण मात्र जुनाच कामी आला. स्टेनलेसवर स्टेनलेस दाबून घासलं की वरची ऑक्साइडची पातळ कातडी फाटते, उघडे पडलेले धातू एकमेकांना चिकटतात आणि सरकताना लचके तोडतात. हेच गॉलिंग. म्हणून दोन्ही पृष्ठभाग १३ टक्के क्रोमियमचे असतील तर त्यांच्या कठीणतेत किमान ५० ब्रिनेलचा फरक ठेवावा लागतो. स्टेलाइटमधल्या कोबाल्टची स्फटिकरचना दाबाखाली बदलते आणि वरचा थर घासताना आणखी कडक होतो, त्यामुळे चिकटणं टळतं. गंज सोसण्याचा सुरीचा आणि उष्णता सोसण्याचा लेथच्या हत्याराचा गुण त्यात आहेच.

तेव्हा साध्या वाफेला, तेलाला ट्रिम ८ घ्यावी. पण ५४० अंश सेल्सिअसच्या मेन स्टीमला तीच नोंद उतरवली तर वेजचं क्रोमियम पोलाद तापून नरम पडतं आणि व्हॉल्व्ह पास व्हायला, म्हणजे बंद असूनही आतून गळायला लागतो. तिथे दोन्ही पृष्ठभागांवर स्टेलाइट असलेली ट्रिम ५ मागावी, आणि यंत्रकामानंतर थर किमान १.६ मिलिमीटर उरला पाहिजे हे तपासून घ्यावं. पातळ थरात खालचं लोखंड मिसळलेलं असतं, आणि तेवढ्या प्रमाणात तो स्टेलाइट राहत नाही.

एकाच ठिकाणी हेन्सचा धातू नकोसा होतो. अणुवीजकेंद्रात सीटवरून झिजलेले कण पाण्याबरोबर अणुभट्टीत जातात, न्यूट्रॉन शोषून कोबाल्ट-६० बनतात आणि परत येऊन पाइपांमध्ये बसतात. त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षांचं, आणि देखभालीला जाणाऱ्या कामगारांच्या अंगावर पडणाऱ्या किरणोत्साराचा मोठा वाटा त्याचा. म्हणून अमेरिकेतल्या ईपीआरआय या संस्थेने नोरेम नावाचा मिश्रधातू तयार केला: कोबाल्टशिवायचा, लोखंड आणि क्रोमियमचा.