सहीची खरी किंमत

आम्ही कर्वेनगरहून बोलतोय. हे जुनं हिंगणं. अण्णा कर्व्यांनी 1900 मध्ये विधवांचा आश्रम पुण्याच्या पेठेतून इथल्या माळावर आणला आणि बायकांच्या हाती लेखणी दिली. आपल्या गटातही अंगठा सोडून पहिल्यांदा सही करणारी बाई आपण पाहिली आहे. आज गोष्ट सहीचीच, पण लढाऊ वैमानिकांची.

दुसऱ्या महायुद्धात डग्लस बेडर नावाचा इंग्रज वैमानिक होता. आधीच्या एका अपघातात त्याचे दोन्ही पाय गेले होते. तरी कृत्रिम पाय लावून तो लढला. ऑगस्ट 1941 मध्ये तो फ्रान्समध्ये जर्मनांच्या हाती सापडला. एक पाय विमानातच राहिला. जर्मन वैमानिक अ‍ॅडॉल्फ गॅलंडने त्याचा पाहुणचार केला, आणि जर्मनांच्या परवानगीने इंग्रज विमानातून नवा पाय खाली टाकला गेला. युद्धानंतर हे दोघे शत्रू मित्र झाले. अशा नामवंत वैमानिकांची एकमेकांना लिहिलेली सहीची पत्रं आज लिलावात विकली जातात. सही हाताची आहे की छापील, हे हौशी लोक भिंग लावून बघतात.

ही झाली हौस. पण एका कागदासाठी आयुष्यभर वाट पाहणारी बाईही आहे.

1949 च्या जिनिव्हा कराराप्रमाणे युद्धकैद्याला आठवड्याच्या आत घरी कार्ड लिहू द्यावं लागतं. पुढे महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं. म्हणजे कैद्याचा जीव कागदावर सुरक्षित राहतो. 1971 च्या युद्धात आपले दिलीप पारुलकर पाकिस्तानात पकडले गेले. ऑगस्ट 1972 मध्ये दोन सोबत्यांसह ते रावळपिंडीच्या छावणीतून निसटले, अफगाण सरहद्दीजवळ पुन्हा सापडले. पण कैदी म्हणून त्यांची नोंद होती, आणि त्याच वर्षी ते मायदेशी परतले.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे परतले नाहीत. त्याच युद्धाच्या पहिल्या दिवसांत त्यांचं विमान पडलं. 5 डिसेंबर 1971 च्या ढाक्याच्या वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावं आली. त्यांत एक नाव होतं ‘टॉम्बे’. एका अक्षराच्या फरकाचं ते नाव घरच्यांनी आपलं म्हणून ओळखलं. पत्नी दमयंतीताई बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. पुढे नवऱ्याच्या हातचं कार्ड आलं नाही. आमच्याकडे असा कैदी नाही, असंच पाकिस्तान सांगत राहिलं. भारताच्या यादीत असे बेपत्ता 54 जण होते. 2007 मध्ये 14 नातेवाइकांना तिथले तुरुंग बघू दिले, दमयंतीताईही गेल्या. हाती काही लागलं नाही.

मेजर अशोक सुरी यांच्या घरी मात्र चिठ्ठी आली. युद्धात मृत्यू अशी त्यांची नोंद झाली होती. तीन वर्षांनी, डिसेंबर 1974 मध्ये, वडिलांना चिठ्ठी मिळाली की मी इथे ठीक आहे. हस्ताक्षर तपासलं गेलं आणि सरकारी नोंदीत ‘मृत’च्या जागी ‘बेपत्ता’ आलं. मेजर घरी आले नाहीत, पण दोन ओळींनी सरकारला आपली नोंद बदलावी लागली.

मैत्रिणींनो, लिलावातली किंमत सोडून देऊ. आपल्या गटातल्या एका मावशींनी दिवाळीच्या साफसफाईत नवऱ्याची जुनी पत्रं रद्दीत दिली. पुढे नोकरीचा पुरावा मागितला, तेव्हा त्या रडल्या. पुरावा तर गेलाच, पण त्यांच्या हातचं अक्षरही गेलं, असं म्हणाल्या.

या आठवड्याच्या बैठकीत प्रत्येकीने घरातला एक जुना हस्ताक्षराचा कागद आणावा. कोणाचा, कधीचा, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दोन्ही एका पिशवीत ठेवू. आणि ज्या अजून अंगठा लावतात, त्यांना त्याच दिवशी शेजारी बसवून सही शिकवू. आपल्या हातचं अक्षर आपण असल्याची साक्ष आहे.