केसांची गोळी आणि थायरॉईडचा रिपोर्ट

कॅम्प असो वा कोंढवा, सकाळी लॅबमध्ये थायरॉईडसाठी रक्त द्यायला आलेल्या बहिणी दिसतातच. काउंटरवर "उपाशीपोटी आलात ना?" हे हमखास विचारतात. "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" हे प्रत्येक ठिकाणी विचारतीलच असे नाही. आमच्या मते हा दुसरा प्रश्न जास्त गरजेचा आहे.

मुख्य गडबड बायोटिनची. हे ब-गटातले जीवनसत्त्व. शरीराला रोज साधारण 30 मायक्रोग्रॅम पुरते, पण केस-नखांसाठीच्या गोळ्यांत ते 5 ते 10 मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट असू शकते. बऱ्याच लॅबमधली यंत्रे हार्मोन मोजताना बायोटिनचाच चिकटपणा वापरतात. रक्तात ते जादा असले की यंत्र फसते: टीएसएच कमी दिसतो, टी-3 आणि टी-4 जास्त. थायरॉईड अगदी ठीक असूनही वाढल्याचा रिपोर्ट हातात येतो. उलट, थायरॉईड खरंच मंद असेल तर तो झाकला जातो. सगळीच यंत्रे अशी फसत नाहीत, पण आपल्या लॅबमध्ये कोणते आहे हे आपल्याला कुठे ठाऊक?

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2017 मध्ये याबद्दल इशारा दिला. हार्ट अटॅक ओळखण्याची ट्रोपोनिन तपासणीही यामुळे चुकू शकते. थायरॉईड तपासणीआधी बायोटिन किमान 2 दिवस बंद ठेवावे, असा तिथल्या थायरॉईड तज्ज्ञांचा सल्ला आहे. डोस मोठा असेल तर जास्त दिवस. ते डॉक्टरांना विचारा.

काही औषधे मात्र हार्मोनच खरोखर बदलतात. उलटी-ॲसिडिटीवरच्या डॉम्पेरिडोन, लेव्होसल्पिराइडने प्रोलॅक्टिन वाढते, पाळी अनियमित होते, आणि घरचे उगाच घाबरतात. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांचेही तसेच. दम्याच्या किंवा सांध्यांच्या स्टेरॉइडने कॉर्टिसॉलचा आकडा बिघडतो. ही औषधे मनाने बंद करू नका, स्टेरॉइड तर अजिबात नाही. अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते.

थायरॉईडची गोळी तपासणीच्या दिवशी रक्त दिल्यावर घ्यावी, नाहीतर काही तास टी-4 चढा दिसतो. रमजानमध्ये सहरीला गोळी घेऊन सकाळी रक्त दिले तर हेच होते. शिवाय सहरीला थायरॉईड, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या एकाच घोटात घेण्याची आपल्याकडे सवय. त्याने थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही आणि टीएसएच खरोखरच वाढतो. या गोळ्यांत 4 तासांचे अंतर हवे, म्हणून कॅल्शियम-लोह इफ्तारनंतर घेता येते. लॅबला जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाका, केसांचीसुद्धा.