गांडुळाची कीर्ति

बागेंत कुदळ मारतांच एखादें गांडूळ वळवळत वर येतें. आजचा बागवान त्याला जपून पुन्हां मातींत सोडतो. परंतु इंग्लंडांतील जुने माळी व शेतकरी ह्या जीवाचा मनापासून तिटकारा करीत. हिरवळीवर मातीच्या ढिगल्या टाकणारी ही एक पीडाच, असें ते समजत. १७७७ सालीं सेल्बोर्न येथील धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट ह्यांनीं एका पत्रांत गांडुळांचा कैवार घेतला आणि तीं नाहींशीं झालीं तर जमीन घट्ट व नापीक होईल असें बजाविलें. पण कैवार घेणें निराळें आणि सिद्ध करून दाखविणें निराळें. तें काम चार्ल्स डार्विन ह्यांचें.

डार्विन ह्यांचे मामा जोसाया वेजवुड ह्यांनीं त्यांना मेअर येथील आपल्या शेतांत एक चमत्कार दाखविला. कांहीं वर्षांपूर्वीं जमिनीवर पसरलेला चुना गवताखालीं कांहीं इंच गेला होता. वस्तुतः चुना बुडाला नव्हता. गांडुळांनीं खालची माती वर आणून त्यावर पसरली होती. १ नोव्हेंबर १८३७ रोजीं डार्विन ह्यांनीं ह्या विषयावर लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढें निबंध वाचला. पुढें १८६९ सालीं बागकामाच्या एका नियतकालिकांत आक्षेप निघाला कीं, इतक्या दुबळ्या जीवाच्या हातून इतकें प्रचंड काम होणें शक्य नाहीं.

ह्या आक्षेपाचें उत्तर जमिनींत आधींच पुरलेलें होतें. १८४२ च्या डिसेंबरांत डाउन येथील घराजवळच्या शेतांत डार्विन ह्यांनीं खडूचे तुकडे पसरविले होते. १८७१ च्या नोव्हेंबरांत, म्हणजे एकोणतीस वर्षांनीं, तेथें चर खणला, तेव्हां खडूची पांढरी रेघ सात इंच खोल सांपडली! वृद्धपणीं त्यांनीं कुंड्यांत गांडुळें पाळलीं. पियानो वाजविला तरी त्यांना ऐकूं येईना. पण कुंडी पियानोवरच ठेवून सूर काढतांच तीं कंपानें बिळांत शिरलीं. १८८१ सालीं ह्या अभ्यासाचा ग्रंथ निघाला. इंग्लंडांत कित्येक ठिकाणीं दर एकरास वर्षाकाठीं दहा टनांहून अधिक माती गांडुळें वर आणतात, असें त्यांत मोजून दाखविलें होतें. पुढच्याच एप्रिलांत डार्विन निवर्तले.

पुढें अमेरिकेंत गांडूळ खोक्यांत आलें. १९४७ सालीं थॉमस बॅरेट ह्यांचें व १९८२ सालीं मेरी ॲपलहॉफ ह्यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें आणि स्वयंपाकघरांतील केरापासून खत करण्याची रीत घरोघर गेली. खोक्यांतील लाल गांडूळ मात्र शेतांत खोल बीळ करणाऱ्या जातीचें नव्हे. तें कुजक्या पाल्यांत राहणारें आहे.

ह्याच खतापासून ‘कंपोस्ट टी’ म्हणजे खताचें पाणी करतात. नळाचें पाणी एक दिवस उघडें ठेवावें, म्हणजे त्यांतील क्लोरीन बरेंचसें उडून जातें. मग एक भाग पक्कें खत फडक्यांत बांधून दहा भाग पाण्यांत दिवसभर ठेवावें आणि लहान पंपानें त्यांत हवा सोडावी. तें पाणी गाळून त्याच दिवशीं झाडांच्या मुळाशीं घालावें. खोक्याच्या तळाशीं झिरपणारें काळें पाणी तें हें नव्हे. तें अर्धवट कुजलेल्या केराचें असूं शकतें. काकवी घातल्यानें जंतु वाढतात हें खरें, पण त्यांत माणसास अपायकारक जंतूही वाढूं शकतात, असा इशारा २००४ सालीं अमेरिकेंतील तज्ज्ञांच्या एका समितीनें दिला. म्हणून काकवी टाळावी आणि कच्च्या खाण्याच्या पालेभाजीवर हें पाणी शिंपूं नये.

एके काळीं गांडुळाचा तिरस्कार झाला. आतां कोणी कोणी त्याच्या खताच्या पाण्याला अमृत म्हणूं लागले आहेत. दोन्ही मतें मोजमापावांचून बनलेलीं आहेत. टोमॅटोच्या एका ओळीला हें पाणी आणि शेजारच्या ओळीला तितकेंच साधें पाणी घालून हंगामाच्या शेवटीं दोन्हींचीं फळें तोलून पाहावीं. एका चराच्या उत्तरासाठीं एकोणतीस वर्षें थांबणाऱ्या त्या वृद्धानें हेंच केलें असतें.