मेंढपाळाचे चाळीस शिलिंग

शेक्सपिअरच्या बायकोविषयी आपल्याकडे दोनच गोष्टी सांगितल्या जातात. ती नवऱ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी होती आणि मृत्युपत्रात त्याने तिला दुय्यम प्रतीचा पलंग ठेवला. मी काही इंग्रजीची प्राध्यापक नाही. नोकरी सांभाळून जुन्या दस्तांच्या छापील नकला वाचत आले, एवढेच. त्यांतून ॲन हॅथवेचे माहेर कितपत सापडते, ते पाहायचे मी ठरवले.

शोध शेवटाकडून सुरू करावा लागतो. स्ट्रॅटफर्डच्या चर्चमधील तिच्या थडग्यावर ६ ऑगस्ट १६२३ ही मृत्यूची तारीख आणि सदुसष्ट हे वय कोरलेले आहे. म्हणजे जन्म १५५६च्या आसपासचा. गावच्या चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही मात्र १५५८पासूनची. तिथे ती सापडणारच नाही.

मग वडिलांचे मृत्युपत्र. शॉटरी गावचे शेतकरी रिचर्ड हॅथवे यांनी १ सप्टेंबर १५८१ रोजी ते केले. त्यात ॲन नाहीच, ‘ॲग्नेस’ आहे. त्या काळी ही दोन्ही नावे एकमेकींच्या जागी सर्रास वापरली जात. तिच्या लग्नाच्या दिवशी तिला ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स द्यावेत, असे वडिलांनी लिहून ठेवले.

पुढच्याच वर्षी लग्न ठरले. २८ नोव्हेंबर १५८२च्या चाळीस पौंडांच्या जामीनखतावर फुल्क सँडेल्स आणि जॉन रिचर्डसन हे दोघे जामीन आहेत. सँडेल्सला रिचर्डने आपल्या मृत्युपत्रावर देखरेख करायला नेमले होते, तर रिचर्डसन त्याच मृत्युपत्राचा साक्षीदार. बाप गेल्यावर त्याचीच माणसे मुलीमागे उभी राहिली. मुलगी सुझाना हिचा बाप्तिस्मा २६ मे १५८३चा. घाई कशाची होती, ते तारखाच सांगतात.

जामीनखताच्या आदल्या दिवशी वूस्टरच्या बिशपच्या दप्तरात मात्र वधूचे नाव ‘टेम्पल ग्राफ्टनची ॲन व्हेटली’ असे पडले आहे. एवढ्या एका ओळीवरून काहींनी शेक्सपिअरची दुसरी प्रेयसीच उभी केली. पण त्याच दिवशी त्या दप्तरात व्हेटली नावाच्या एका पाद्र्याचा दावाही नोंदलेला आहे. कारकुनाच्या लेखणीतून तेच आडनाव इथेही उतरले, हा उलगडा मला पटतो. एकट्या कागदावर विसंबू नये, हा धडा मी इथे घेतला.

आणि आता मला सर्वांत मोलाचा वाटणारा दस्त. रिचर्डच्या मृत्युपत्रात देण्यांची यादी आहे: आपला मेंढपाळ टॉमस व्हिटिंग्टन याचे ४ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. वीस वर्षांनी, १६०१मध्ये, त्याच व्हिटिंग्टनने मृत्युपत्र केले. विल्यम शेक्सपिअरची बायको ॲन हिच्या हाती असलेले आपले चाळीस शिलिंग स्ट्रॅटफर्डच्या गरिबांना द्यावेत, असे तो म्हणतो. ही रक्कम उसनी होती, थकलेली मजुरी होती, की विश्वासाने ठेवायला दिली होती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ती चुकती करायची मात्र नवऱ्याने, कारण कायद्याने लग्न झालेल्या बाईचे देणे नवऱ्याचेच.

इतर कागदांत ॲन कुणाची तरी मुलगी, वधू, आई, विधवा आहे. इथे तिच्या हाती पैसा आहे, आणि बापाच्या गड्याशी तिचा व्यवहार लग्नानंतर अठरा वर्षांनीही चालू आहे. तिचे माहेर मला सापडले, ते या मेंढपाळाच्या मृत्युपत्रात. पलंगाची गोष्ट सांगताना यापुढे या चाळीस शिलिंगांचीही सांगावी.